फणीवाल्याचा चेहरा

पेटीतले खाके उन्हात टाकायला काढले, तेव्हा गिमाराच्या हाती फणीवाल्याचा खाका लागला. तेल पाजलेला कागद आणि त्यावर टाचणीने पाडलेली बारीक भोकं. मांडी घालून बसलेला माणूस, पुढ्यात लाकडी ठोकळा, हातात करवत, बाजूला कासवाचं कवच. असा खाका कोऱ्या कागदावर ठेवून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटली की खाली ठिपक्याठिपक्यांनी चित्र उमटतं. मग ठिपके जोडायचे आणि रंग भरायचे. एका खाक्यातून पन्नास फणीवाले निघाले असते. मानेच्या वर मात्र कागद कोरा होता. तिचे वडील, अप्पच्ची, चेहऱ्याला कधी भोकं पाडत नसत. कोळी असो की धोबी, अंगाचा साचा एकच चालेल, तोंड दर वेळी नव्याने काढायचं, हा त्यांचा नियम.

तिने खाका उजेडाकडे धरला. हा फणीवाला म्हणजे अप्पच्चीच होते. खांदे त्यांचे, सुटलेलं पोट त्यांचं, डाव्या पायाचा वाकडा अंगठाही त्यांचाच. मानेवरच्या कोऱ्या जागेत ती मनाने त्यांचा चेहरा बसवू लागली. केसांचा अंबाडा बसला, त्यावरची फणी बसली, कान बसले. चेहरा बसेना.

त्यांना जाऊन तीन महिने व्हायला नऊ दिवस कमी होते.

“नेन्दा,” तिने आत्याला हाक मारली, “अप्पच्चींचं नाक कसं होतं?”

पुंचिहामी अंगणात कोवळा फणस चिरत बसली होती. हाताला कोपरापर्यंत खोबरेल चोपडलेलं. “नाकासारखं. खाली दोन भोकं होती.”

“खरं सांग ना.”

“मोठं होतं. आमच्या बाबांच्या वळणावर गेलेलं. का गं?”

“आणि डोळे?”

आत्याने सुरी खाली ठेवली. “अगं, बावीस वर्षं त्याच्या मांडीला मांडी लावून बसलीस, आणि डोळे मला विचारतेस?”

ते खरंच होतं, आणि अडचण तीच होती. खिडकीखाली एक लांब फळी होती. फळीच्या डाव्या अंगाला अप्पच्ची, उजव्या अंगाला ती. नऊ वर्षांची असताना ती तिथे बसली ती आता एकतिशी आली तरी तिथेच होती. जमीन, आभाळ, माडांची झावळं, लुंगीच्या चौकड्या, माशांच्या टोपल्या, हे सगळं तिच्याकडे. ते वाळलं की कागद डावीकडे सरकवायचा. हात आणि तोंड अप्पच्चींकडे. तोंड सगळ्यात शेवटी. दिवसभर दोघांच्या नजरा कागदावर असायच्या. त्यांची बोटं तिला नखानखानिशी पाठ होती, करंगळीवरचा निळीचा डागसुद्धा. चेहऱ्याकडे बघत बसायची वेळ कधी आलीच नव्हती.

“डाव्या भुवईवर खोक होती,” आत्या म्हणाली. “ती मीच पाडलेली. खवणी फेकून मारली होती.”

“ते माहीत आहे.”

“मग झालं तर. खोक आहे, नाक आहे. अजून काय पाहिजे?”

फोटो नव्हता. गॉलच्या किल्ल्यात फोटो काढणारा येऊन चार वर्षं झाली होती, आणि बोटीवरचे प्रवासी उतरले की आधी त्याच्या दुकानात शिरायचे. अप्पच्चींनी त्याच्या दारासमोरून जाणंही सोडलं होतं. त्याच्या पेटीला रंग दिसत नाहीत, म्हणायचे, अख्खी लंका राखेत लोळवल्यासारखी काढतो. कुणी म्हणालं की अहो, तुमचाही एक काढून घ्या, तर म्हणत, “जो माझ्या पोटावर पाय देतो त्याला मी माझं तोंड देऊ?”

राहिलं ते एकच चित्र. सहा वर्षांपूर्वी किल्ल्यातल्या प्रोदरो नोनाने, म्हणजे प्रोदरो साहेबाच्या मडमेने, बेटावरच्या रोजच्या जगण्याची चोवीस चित्रं मागितली होती. नमुन्याला बसायला माणसं कुठून आणायची? अप्पच्चींनी घरातलीच बसवली. गिमाराच्या आईला बसवायची सोय नव्हती, ती तिच्या लहानपणीच गेली होती. लेस विणणारी म्हणून गिमारा, पानाचं तबक धरलेला म्हणून मामा, आणि मासे विकणारी म्हणून डोक्यावर टोपली दिलेली पुंचिहामी.

त्या चित्राचा विषय निघाला की आत्या अजून पेटायची. आताही तिने सुरी उचलता उचलता सुरू केलंच.

“कुणाची लेक मी! मुहांदिरमच्या, मानकऱ्यांच्या घराण्यातली. आणि माझ्या सख्ख्या भावाने मला कोळीण केलं. तीसुद्धा उघड्या खांद्यांची! आता ती बाई मला विलायतेला नेऊन भिंतीवर टांगणार. तिथे जन्मभर मासे विकत बसायचं मी.”

“नेणार म्हणजे?”

“तिचा स्वयंपाकी सायमन अप्पू भेटला होता बाजारात. तिची सगळी भांडीकुंडी विकली गेली. नवरा मेला, आता राहून काय करणार इथे? उद्याच्या बोटीने चालली.”

“आणि चित्रं?”

“चित्रं बरोबर. सांगितलं ना, मला टांगणार आहे म्हणून.”

गिमाराने खाका गुंडाळला.

त्या चोवीस चित्रांतला फणीवाला मुळात गल्लीतला पोडिसिंघो व्हायचा होता. तो म्हणाला, मी दोन दिवस पुतळ्यासारखा बसलो तर फणीचे दात कोण कापणार, तुमचा बाप? तेव्हा अप्पच्चींनी खोक्यावर दाढीचा आरसा उभा केला, पोडिसिंघोची करवत मागून आणली आणि स्वतःलाच काढलं. दुसरी प्रत कधी केली नाही. स्वतःचं तोंड बाजारात मांडायची लाज वाटते म्हणाले. खाका पेटीच्या तळाशी गेला आणि चित्र प्रोदरो नोनाकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिमारा रंगांचा डबा, तीन कागद, खाका आणि कोळशाची पुरचुंडी घेऊन किल्ल्यात गेली. निघताना आत्याने विचारलं, “काय सांगणार आहेस तिला?”

“नक्कल करू द्या म्हणणार.”

“आणि नाही म्हणाली तर?”

“तर निदान बघून येईन.”

नोनाच्या ओसरीवर सामानाच्या पेट्या रचल्या होत्या. सायमन अप्पू काथ्याने त्या आवळत होता. नोना बाहेर आली, हातात मोजून बांधलेली चांदीच्या चमच्यांची पुरचुंडी. वीस वर्षं बेटावर राहून ती सिंहली अगदी घडाघडा बोलायची. ती शिकली मात्र स्वयंपाकघरात. त्यामुळे सायमन अप्पू मोलकरणींना जसं बोलायचा तसं ती पाद्र्यापासून सगळ्यांना बोलायची, तेही हसतमुखाने.

“काय गं, काय पाहिजे? बोल लवकर, खांबासारखी उभी राहू नको.”

“चित्रांची वही बघायची होती, नोना. त्यातल्या एका चित्राची नक्कल करून घेते. इथेच बसून.”

“आज? डोकं फिरलं का तुझं?” नोना अतिशय गोड आवाजात म्हणाली. “दोन वाजता गाडी येते.”

“कोर्नेलिस अय्याची मुलगी आहे, नोना,” सायमन अप्पू हळूच म्हणाला.

नोनाने चमचे खाली ठेवले आणि स्वतः आत जाऊन वही आणली. जाड पुठ्ठ्याची, चारही कोपरे डिंकाने चिकटवलेली चित्रं, प्रत्येकाच्या खाली नोनाच्या अक्षरात शाईची एक ओळ. गिमारा पानं उलटत गेली. ताडी काढणारा. लेस विणणारी, आपले चोवीस-पंचवीस वर्षांचे खांदे तिला अनोळखी वाटले. मासे विकणारी. ही बघून सायमन अप्पूने खोकला काढला. मग फणीवाला.

“हा.”

“हा फणीवाला,” नोना म्हणाली. “खाली लिहिलंय मी.”

“लिहिलंय खरं, नोना. पण हे माझे वडील आहेत.”

नोना वाकली, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. “कोर्नेलिस? माझ्या ओसरीवर बसून कॉफी प्यायचा तो? सहा वर्षं बघते मी हे चित्र. मला कसं कळलं नाही?”

“तुम्ही फणीवाला मागितला होता.”

“मेला ना तो?”

सायमन अप्पूने डोळे मिटून घेतले. ‘मेला’ हा शब्द ती त्याच्याकडूनच शिकली होती.

“हो, नोना. तापाने. दोन दिवसांत.”

समुद्राकडून वारा येत होता आणि वहीचं पान उडू पाहत होतं. नोनाने त्यावर तळहात ठेवला. मग म्हणाली, “नक्कल कशाला करतेस? हेच घे. पण मला चोवीस पाहिजेत. भावाला लिहून कळवलंय, चोवीस. मधेच एक भोक बरं दिसत नाही. तू मला दुसरा फणीवाला काढून दे आणि हा ने. दोनच्या आत. जमत असेल तर बस, नसेल तर नीघ.”

साडेदहा झाले होते.

सायमन अप्पूने एक रिकामं खोकं उलटं घातलं आणि वाडग्यात पाणी आणून दिलं. डिंक सुटायला वाफ लागणार होती, म्हणून वही घेऊन तो स्वयंपाकघरात किटलीपाशी गेला. ओसरीवर गिमारा एकटी राहिली.

खाका सोबत होता, तेव्हा अंग काढायला वेळ लागला नाही. पुरचुंडी थोपटली, ठिपके जोडले, कोळसा फुंकरीने उडवला. जमीन तांबूस, मागची भिंत चुन्याची. लुंगी निळ्या चौकडीची, त्या चित्रात होती तीच. तेव्हाही तिनेच रंगवली होती. कवचाचं काम तिच्या आवडीचं. आधी सगळीकडे पिवळा, तो ओला असतानाच त्यात गडद तपकिरी थेंब सोडायचा आणि ब्रश उचलून घ्यायचा. डाग आपले आपण पसरतात, आपण मध्ये पडायचं नाही. खाऱ्या वाऱ्याने रंग लवकर वाळेना. तिने कागद उचलून उन्हात धरला, पुन्हा ठेवला, ठोकळ्यावर सावली घातली, करवतीला धार दिली, जमिनीवर फणीच्या दातांचा भुसा टाकला.

मग मान वर न करता तिने कागद डावीकडे सरकवला.

तो खोक्याच्या कडेला जाऊन थांबला. अर्धा कागद बाहेर, हवेत. डावीकडे पेट्या होत्या आणि काथ्याचं बंडल.

आत सायमन अप्पू किटलीवर खेकसत होता. गिमाराने ब्रश पाण्यात बुचकळला, पुसला, पुन्हा बुचकळला. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही, पण किल्ल्यातल्या घड्याळाने एक वाजवला तेव्हा तिने कागद परत ओढून घेतला.

हात तिने आधी काढले. हात येत होते. तोंड तिने आयुष्यात एकही काढलं नव्हतं. पण नोनाला हवा होता फणीवाला, कुठलाही. पोडिसिंघोच काढू, तिने ठरवलं, त्याचं तोंड निमुळतं, सोपं आहे. तिने पातळ तपकिरीचा हात दिला, भुवयांखाली सावली सोडली. नाक काढताना ब्रशमध्ये पाणी जास्त झालं आणि नाक रुंद पसरलं. टिपून घ्यायला वेळ नव्हता. एवढ्या नाकाला पोडिसिंघोचे गाल पुरेनात, म्हणून गाल वाढवले. गाल वाढले तशी हनुवटी खाली गेली. बारीक काम करणाऱ्या माणसाचा एक डोळा जरा मिटलेला असतो, तर तो मिटला. वरचा ओठ दाबलेला, जीभ दातांत धरल्यासारखा. ती काही आठवत नव्हती. कागद मागत होता ते देत होती. शेवटी भुवयांचे केस ओढताना डाव्या भुवईवर तिने एक आखूड, कोरडी रेघ मारली आणि ब्रश थांबला.

सायमन अप्पू सुटं झालेलं चित्र दोन्ही हातांवर आडवं धरून बाहेर आला. त्याने खोक्याकडे पाहिलं.

“कोर्नेलिस अय्या,” तो म्हणाला. हातातल्या चित्राला नाही. खोक्यावरच्या.

गिमाराने दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. अप्पच्चींनी आरशात बघून काढलं होतं. करवतीचा हात त्यांनी विचार करून उजवा केला होता, पण चेहऱ्यावरची खोक आरशात दिसली तशीच राहिली होती, उजव्या भुवईवर. तिच्या चित्रात ती डावीकडे होती. म्हणजे तिने त्यांच्या चित्रावरून काहीच घेतलं नव्हतं. आणि त्यांच्या चित्रातला चेहरा तिने आता पहिल्यांदा नीट पाहिला. भुवयांची कमान तीच, जी ते कोळ्याला द्यायचे आणि धोब्यालाही. नाक नेटकं, बेताचं. स्वतःला काढतानासुद्धा त्यांनी नेहमीचं, हातात बसलेलं तोंड काढून दिलं होतं. गिऱ्हाईक थांबलं होतं, दुसरं काय करणार.

हात तेवढे बघून काढले होते. करंगळीवर निळीचा ठिपकासुद्धा होता. फणीवाल्याच्या करंगळीवर निळीचं काय काम, हे सहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

फाटकाशी गाडीचे बैल आले. नोना टोपी घालून बाहेर आली. “झालं का? माझा कुठला यातला?”

गिमाराचा हात आधी एका कागदाकडे गेला, मग दुसऱ्याकडे.

“अगं, दोन्ही सारखेच आहेत. कुठलाही दे, पण दे! बोट तुझ्या बापासाठी थांबणार आहे का?”

चेहरा आज आला होता. उद्या येईल की नाही, ते तिला सांगता आलं नसतं. हा कागद घरी नेला तर अप्पच्ची घरात असणार होते, मोठ्या नाकाचे, एक डोळा मिटलेले. आणि त्यांनी स्वतः काढलेलं चित्र विलायतेला जाणार होतं. घरात त्यांच्या हातचं पूर्ण चित्र एकही उरलं नव्हतं. जे पूर्ण व्हायचं ते विकलं जायचं. पेटीत होते ते नुसते खाके. चेहरा आला होता तो तिच्या हातून आला होता. पुन्हा यायचा असेल तर तिच्याच हातून येणार होता. त्यांनी स्वतः बघून काढलेले ते हात मात्र आता कुणाला काढता येणार नव्हते.

“हा तुमचा,” ती म्हणाली आणि आपला कागद नोनासमोर धरला. “कोपरा जपा, अजून ओला आहे.”

नोनाने ओसरीवरच्या खोक्यावर वही उघडून तो रिकाम्या पानावर स्वतः चिकटवला आणि खालची जुनी ओळ झाकली गेली म्हणून शाईने पुन्हा लिहिली. वही मिटण्याआधी तिने चष्मा लावून चित्र जवळून पाहिलं. मग गिमाराकडे पाहिलं. काहीतरी विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण गाडीवान हाका मारत होता.

“जा आता,” ती म्हणाली. “रडू नको, रंग उतरेल.”

गिमारा रडत नव्हती. तिने नोनाला हात जोडले आणि चित्र दोन कोऱ्या कागदांत घालून ती बाहेर पडली.

घरी पुंचिहामीने हात पुसून चित्र दाराच्या उजेडात नेलं. बराच वेळ पाहिलं.

“हा कोण?”

“नेन्दा!”

“अगं, खोक उजवीकडे आहे. मी डावीकडे मारली होती. मला विचार ना.”

“आरशात बघून काढलंय.”

“मग आरशातला आहे. आपला नाही.” तिने चित्र परत दिलं, मग पुन्हा मागून घेतलं. “हात त्याचे आहेत.”

गिमाराने कॉफी ओतली, गुळाचा खडा तोडून आत्याच्या बशीत ठेवला आणि सगळं सांगितलं. आत्याचा खडा हातातच राहिला.

“चांगला उतरला होता तो त्या बाईला देऊन आलीस? आणि हा घेऊन आलीस? कोर्नेलिसचीच पोर शोभतेस.”

“परत काढीन.”

“येईल?”

“माहीत नाही.”

शुक्रवारी कागदावर आला तो पोडिसिंघो होता, अगदी हुबेहूब, आणि आत्या हसून लोळली. शनिवारी तिने नुसतं तोंडच काढून पाहिलं, खाली अंग नाही, जमीन नाही. ते कुणाचंच झालं नाही. रविवारी भुवयांची कमान अप्पच्चींच्या सवयीची आली, कोळ्याची. तिने तो कागद फाडला नाही, पण उलटा ठेवला. त्यानंतर दोन दिवस अप्पच्चींच्या तीन महिन्यांच्या दानाच्या तयारीत गेले. भिक्खूंना आमंत्रण, तांदूळ, नारळ, मामाच्या घरून आणायची ताटं. भिंतींना चुना द्यायचा होता, तोही तिनेच दिला.

दानाच्या आदल्या दिवशी दुपारी ती फळीशी बसली. खाका ठेवून पुरचुंडी थोपटली आणि पहिल्यापासून सुरुवात केली: जमीन, भिंत, लुंगी, ठोकळा. कवचात थेंब सोडले आणि ते पसरेपर्यंत थांबली. फणीच्या दातांचा भुसा टाकला. हात काढले. मग पातळ तपकिरीचा ब्रश घेतला आणि नाकापासून सुरुवात केली, मोठ्या.

पुंचिहामी खोबऱ्याचं ताट घेऊन मागून चालली होती ती उभी राहिली.

“कोण काढतेस?”

“फणीवाला.”

आत्या वाकली. तिचा श्वास गिमाराच्या कानाला लागत होता. गिमाराने एक डोळा थोडा मिटवला, ओठाखाली सावली दिली आणि ब्रश पुन्हा रंगात घातला.

“थांब,” आत्या म्हणाली. “आता हात लावू नकोस.”